मनीचे पोट

दुखणे लपवावे ते मांजरानेच! आमच्या चारकोपच्या बिऱ्हाडातली मनी सात महिन्यांची. पिल्ले होऊ नयेत म्हणून तिची शस्त्रक्रिया केली. जखम दहा दिवसांत भरली. पोट मात्र बिघडले ते तीन आठवडे सावरेना. "ऑपरेशनच बाधले हो!" शेजारच्या काकूंनी निकाल दिला. खालच्या मजल्यावर तर चिंगीची ठरलेली शस्त्रक्रिया रद्द करण्याचे घाटू लागले.

पण कावळा बसायला आणि फांदी मोडायला एकच गाठ पडते ना, तशातलाच हा प्रकार. डॉक्टरांनी तीन निरनिराळ्या दिवसांची विष्ठा तपासायला मागितली. कारण जिआर्डिया नावाचा सूक्ष्मजीव रोजच्या रोज विष्ठेत उतरतोच असे नाही. तिसऱ्या नमुन्यात तो सापडला! तो पोटात आधीपासूनच असावा. शस्त्रक्रियेचा ताण पडला, प्रतिजैविकांनी आतड्यातले उपकारक जंतूही घटले, आणि याचे फावले असावे.

नेमके औषध मिळाले आणि पोट ताळ्यावर आले. रेतीचा ट्रे मात्र रोज उकळत्या पाण्याने धुवावा लागला. नाहीतर अंग चाटता चाटता तीच लागण पुन्हा पोटात जाते.

वाचकहो, अशा वेळी दूध देऊ नका. मोठ्या मांजरांना ते बहुधा पचत नाही. माणसांच्या गोळ्याही नकोत. पॅरासिटामॉल तर मांजराला विषच. विष्ठेत रक्त दिसले किंवा मांजराने खाणेपिणे सोडले, तर त्याच दिवशी डॉक्टर गाठा.

चिंगीची शस्त्रक्रिया ठरल्या दिवशीच झाली. त्याआधी तिची विष्ठा तेवढी तपासून घेतली!