कार्यालयीन भाषेतील सौम्योक्ती : वेल्स फार्गो बँकेचे उदाहरण

मराठीतील सौम्योक्ती आपल्या परिचयाची आहे. पूजेत आपण नारळ ‘फोडत’ नाही, ‘वाढवतो’; रात्री दुकानही ‘वाढवतो’; निघताना ‘येतो’ म्हणतो. अशुभाचा उच्चार टाळावा ही भावना या प्रयोगांमागे असते. त्यांतून कोणाची फसवणूक होत नाही, कारण बोलणारा आणि ऐकणारा दोघेही खरा अर्थ जाणून असतात. कार्यालयीन भाषेतील सौम्योक्तीचे कार्य पुष्कळदा याहून वेगळे असते. आपण नेमके काय करत आहोत, हे ती करणाऱ्यालाच दिसू देत नाही. अमेरिकेतील वेल्स फार्गो या बँकेचे उदाहरण या दृष्टीने अभ्यसनीय आहे, कारण दावे आणि चौकशी अहवाल यांमुळे तेथील कर्मचाऱ्यांची रोजची परिभाषा आपल्यासमोर आली आहे.

ही बँक आपल्या शाखेला ‘स्टोअर’, म्हणजे दुकान, म्हणत असे. खाते, कार्ड, कर्ज ही तिची ‘प्रॉडक्ट्स’. शाखेला दुकान म्हटले की खाते ही ग्राहकाची गरज न राहता विकावयाचा माल होते, आणि माल मोजता येतो. प्रत्येक ग्राहककुटुंबाकडे बँकेची आठ उत्पादने असावीत असे ध्येय ठरले. घोषवाक्य होते ‘एट इज ग्रेट’. आठच का? बँकेच्या प्रमुखांनी २०१० च्या वार्षिक अहवालात याचे कारण स्वतःच सांगितले आहे : ‘एट’चे ‘ग्रेट’शी यमक जुळते. यमकाच्या हट्टापायी कवितेचे काय होते हे आपण जाणतोच. येथे एका यमकाने हजारो माणसांच्या कामाचा दिवस ठरवला.

तो दिवस कसा असे? लॉस एंजलिस शहराच्या वतीने मे २०१५ मध्ये दाखल झालेल्या दाव्यात त्याचे वर्णन आहे. सकाळी अकरा, दुपारी एक, तीन आणि सायंकाळी पाच अशा चार वेळांना प्रत्येक शाखेच्या आणि प्रत्येक कर्मचाऱ्याच्या विक्रीचा आढावा घेतला जाई. आकडा न गाठणाऱ्यास बोलणी खावी लागत, नोकरी जाण्याची भीती दाखवली जाई. या दडपणाखाली कर्मचाऱ्यांमध्ये एक गटभाषा रूढ झाली. ग्राहकाने आज मागितलेले खाते आज न उघडता सोयीच्या तारखेपर्यंत अर्ज साठवून ठेवणे म्हणजे ‘सँडबॅगिंग’. ग्राहकास न विचारता त्याच्या कार्डाला पिन देऊन ऑनलाइन सेवेत त्याची नोंदणी करणे म्हणजे ‘पिनिंग’. एक सेवा हवी असल्यास दुसरीही घ्यावीच लागते, असे खोटे सांगणे म्हणजे ‘बंडलिंग’. या सर्वांचे सामान्यनाम ‘गेमिंग’.

या शब्दांची व्याकरणिक घडण पाहा. ‘रोखपालाने ग्राहकाच्या संमतीवाचून त्याच्या नावे खाते उघडले’ या वाक्यात कर्ता आहे, कर्म आहे, ज्याच्यावर अन्याय झाला तो माणूसही आहे. ‘गेमिंग’मध्ये यांपैकी कोणीच नाही. क्रियेचे नाम झाले की कर्ता सांगण्याची सक्ती उरत नाही. केवळ व्याकरणाने माणसे अप्रामाणिक होतात असे माझे म्हणणे नाही. पण घरी गेल्यावर ‘आज मी काय केले’ याचे उत्तर त्या व्याकरणात सोपे होत असावे.

सप्टेंबर २०१६ मध्ये बँकेस १८.५ कोटी डॉलरचा दंड झाला. सुमारे १५ लाख ठेवखाती आणि ५ लाख ६५ हजार कार्डअर्ज संमतीवाचून असण्याची शक्यता समोर आली. सुमारे पाच वर्षांत ५,३०० कर्मचाऱ्यांना, आपल्या भाषेत सांगायचे तर, नारळ मिळाला होता. हा काही व्यक्तींचा गैरवर्तनाचा प्रश्न आहे, अशी बँकेची प्रारंभीची मांडणी होती. म्हणजे इतका वेळ लुप्त असलेला कर्ता शिक्षेच्या वाक्यात मात्र परत आला, आणि तो कनिष्ठ कर्मचारी होता. ध्येय ठरवणारा नव्हे. नीतिविषयक तक्रारींसाठी बँकेची दूरध्वनी सेवा होती. तिच्यावर तक्रार केल्यानंतर आपल्याला काढून टाकण्यात आले, असे काही माजी कर्मचाऱ्यांनी सांगितले. संशयास्पद व्यवहार वरिष्ठांना आणि या सेवेला कळवल्यानंतर नोकरी गमावलेल्या एका व्यवस्थापकास पुन्हा कामावर घ्यावे व सुमारे ५४ लाख डॉलर द्यावेत, असा आदेश एप्रिल २०१७ मध्ये अमेरिकेच्या कामगार खात्याने दिला. त्याच महिन्यात बँकेच्या स्वतंत्र संचालकांच्या अहवालाने दोष विक्रीच्या संस्कृतीकडेच नेला.

आपणांपैकी अनेक जण बँका, पतसंस्था, विमा कार्यालये सांभाळून हा अभ्यासक्रम पूर्ण करत आहात. ‘टार्गेट’ हा शब्द आपणांस नवा नाही. मराठीत तो दोन अर्थांनी रुळला आहे : ‘या महिन्याचे टार्गेट’ आणि ‘साहेब मला टार्गेट करतात’. एकाच माणसाच्या तोंडी एकाच दिवशी दोन्ही ऐकू येतात.

उपक्रम : आपल्या कामाच्या ठिकाणी रूढ असलेले असे पाच शब्द टिपा. प्रत्येकासाठी कर्ता, कर्म आणि क्रियापद असलेले पूर्ण मराठी वाक्य लिहा. कोणते वाक्य लिहिताना आपला हात थबकला, त्याचीही नोंद करा.