ऑनर्सचे चौथे वर्ष आणि आपल्या नावांचे कोडे

देशातील पहिला आधार क्रमांक दिल्लीत किंवा मुंबईत दिला गेला नाही. तो 29 सप्टेंबर 2010 रोजी आमच्याच शहादा तालुक्यातील टेंभली गावात दिला गेला. तत्कालीन पंतप्रधान डॉ. मनमोहन सिंग आणि सोनिया गांधी त्यासाठी टेंभलीला आले होते. सारंगखेडा हे याच तालुक्यातले तापीकाठचे गाव. बाहेरची माणसे त्याला दत्तजयंतीच्या यात्रेतील घोडेबाजारामुळे ओळखतात. पण कोट्यवधी माणसांची ओळख संगणकात नोंदवण्याच्या एवढ्या मोठ्या कामाची सुरुवात आपल्या शेजारच्या गावात झाली, ही गोष्ट आपल्या मुलांना क्वचितच कोणी सांगते.

ज्या शास्त्राच्या बळावर हे काम उभे राहिले त्याला विद्यापीठांत इन्फर्मेटिक्स म्हणतात. मराठीत माहितीशास्त्र म्हणू या. माहिती गोळा करणे, साठवणे, एका नोंदीशी दुसरी जुळवणे, ती सांभाळणे आणि तिच्यातून अर्थ काढणे, हा या शास्त्राचा विषय. सरकारी संकेतस्थळांच्या तळाशी 'नॅशनल इन्फर्मेटिक्स सेंटर' असे नाव दिसते. ती केंद्र सरकारची संस्था 1976 पासून हेच काम करते. आपल्याकडे मात्र 'कॉम्प्युटर केले' म्हटले की टायपिंग, फॉर्म भरणे किंवा दुकानात मशीन दुरुस्त करणे एवढेच डोळ्यांसमोर येते. ही कामेही इज्जतीची आहेत. पण शास्त्र त्यांच्या खूप पुढे जाते.

आज हा विषय घेण्याचे कारण आहे. महाराष्ट्रात नवा चार वर्षांचा पदवी आराखडा स्वायत्त महाविद्यालयांत 2023-24 पासून आणि संलग्न महाविद्यालयांत 2024-25 पासून सुरू झाला. 2024-25 मध्ये बीएस्सी कॉम्प्युटर किंवा तत्सम पदवीच्या पहिल्या वर्गात बसलेल्या मुलामुलींचे तिसरे वर्ष 2026-27, आणि त्यापुढे ऑनर्सचे चौथे वर्ष. तिथे थांबायचे की पुढे जायचे, हा निर्णय कॉलेजात कमी आणि घरात जास्त होतो. म्हणून वालिदैनना तो नीट समजला पाहिजे.

ऑनर्स म्हणजे नक्की काय?

हिशेब क्रेडिटचा आहे. वर्गातल्या शिकवणीचे साधारण 15 तास म्हणजे एक क्रेडिट. प्रात्यक्षिकाचे किंवा प्रकल्पाचे 30 तास म्हणजे एक क्रेडिट. महाराष्ट्राच्या आराखड्यात तीन वर्षांत 120 ते 132 क्रेडिट पूर्ण केले की नेहमीची पदवी मिळते. चार वर्षांत 160 ते 176 क्रेडिट पूर्ण केले की ऑनर्स पदवी मिळते. तीन वर्षांनंतर पदवी घेऊन बाहेर पडता येते, त्यात काही कमीपणा नाही.

चौथ्या वर्षाच्या दोन वाटा आहेत. एक साधी ऑनर्स, जिच्यात वरच्या पातळीचे विषय शिकायचे. दुसरी संशोधनासह ऑनर्स. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या डिसेंबर 2022 च्या आराखड्यानुसार पहिल्या सहा सत्रांत 75 टक्के किंवा त्याहून अधिक गुण असलेल्यांना ही दुसरी वाट घेता येते. तिच्यात 12 क्रेडिटचा संशोधन प्रकल्प असतो, म्हणजे प्रकल्पाच्या हिशेबाने सुमारे 360 तास एकाच प्रश्नामागे. ऑनर्सनंतर पदव्युत्तर शिक्षण दोनऐवजी एका वर्षात होऊ शकते. चार वर्षांच्या पदवीत 75 टक्के असतील तर थेट पीएचडी प्रवेशासाठीही पात्रता मिळते.

अभियांत्रिकीला ऑनर्स हा शब्द वेगळ्या अर्थाने येतो. तिथे चार वर्षे सगळ्यांनाच असतात. नेहमीच्या अभ्यासाशिवाय 18 ते 20 जादा क्रेडिट घेतले की पदवीला ऑनर्स जोडले जाते. कृत्रिम बुद्धिमत्ता, डेटा सायन्स, सायबर सुरक्षा, इंटरनेट ऑफ थिंग्ज, ब्लॉकचेन हे विषय त्यासाठी ठेवलेले आहेत. दोन्हींत गल्लत करू नये.

'विशेष विषय' कशासाठी?

ऑनर्सच्या मुलांसाठी अनेक विद्यापीठांत 'स्पेशल टॉपिक्स' नावाचा अभ्यासक्रम असतो. नेहमीच्या पेपरला ठरलेले पुस्तक असते, ठरलेली प्रकरणे असतात आणि मागच्या वर्षीच्या प्रश्नपत्रिका असतात. विशेष विषयात पेपरचे नाव तेच राहते, पण आतला विषय शिक्षक आणि विद्यार्थी मिळून त्या त्या वर्षी ठरवतात. एखाद्या वर्षी भाषांचे संगणकन, एखाद्या वर्षी दवाखान्यातील नोंदी, एखाद्या वर्षी नकाशे आणि पाणी. वर्ग लहान असतो. मुले ताजे शोधनिबंध वाचतात, वर्गात मांडतात, छोटा प्रयोग करतात आणि त्याचा अहवाल लिहितात. गाइडमध्ये न सापडणाऱ्या प्रश्नाशी मुलाची गाठ इथे पहिल्यांदा पडते.

म्हणूनच आमचे म्हणणे असे की, विषय आपल्या घरातल्या अडचणीतून निवडावा. असा एक विषय प्रत्येक मुस्लिम घरात पडून आहे: आपली नावे.

एक नाव, दहा स्पेलिंग

शाळेत आम्ही दरवर्षी हे पाहतो. जन्मदाखल्यावर 'शेख', आधारवर इंग्रजीत 'शाइख', बँकेत नुसते 'एस. के.'. वडिलांचे नाव एका कागदावर मोहम्मद, दुसऱ्यावर महमद, तिसऱ्यावर 'एम. डी.'. शिष्यवृत्तीचा फॉर्म अडतो, प्रवेश लांबतो, तहसीलच्या खेपा होतात. आधारवरील नाव आयुष्यात दोनदाच बदलता येते, त्यामुळे घाईने केलेली दुरुस्तीही महागात पडते. दोष कुणा एका कारकुनाचा नाही. आपली नावे अरबी-फारसीतून आली, उर्दूत लिहिली गेली, मराठीत उच्चारली गेली आणि इंग्रजीत टाइप झाली. तीन लिप्यांच्या या प्रवासात अक्षरे सांडत जातात.

हा प्रश्न जगाला नवा नाही. अमेरिकेत 1918 मध्ये रॉबर्ट रसेल यांनी 'साउंडेक्स' नावाच्या पद्धतीचे पेटंट घेतले. मार्गारेट ओडेल यांनी त्यांच्याबरोबर ती विकसित केली. पुढे तेथील जनगणनेच्या नोंदींत नावे शोधण्यासाठी ती वापरली गेली. पद्धत सोपी आहे. इंग्रजी नावाचे पहिले अक्षर तसेच ठेवायचे. स्वर आणि एच, डब्ल्यू, वाय गाळायचे. उरलेल्या व्यंजनांना आवाजाच्या जवळिकीनुसार अंक द्यायचे: एम-एनला 5, डी-टीला 3, आरला 6, एललाच 4, के-झेड-एस-जे वगैरेंना 2, बी-पी-एफ-व्हीला 1. जोडाक्षर आले तर अंक एकदाच लिहायचा. शेवटी तीन अंक भरतील एवढी शून्ये लावायची.

आता मोहम्मद घ्या. पहिले एम, पुढचे एम म्हणजे 5, डी म्हणजे 3; संकेत आला एम-530. मुहम्मद, महमद, मोहमेद कसेही लिहा, संकेत तोच. सय्यदची सगळी स्पेलिंगे एस-300 वर येऊन थांबतात. शंभर वर्षांपूर्वीची, कागद-पेन्सिलने करता येणारी ही युक्ती आपले अर्धे काम करते.

उरलेले अर्धे काम हाच ऑनर्सचा विषय. 'एम. डी.' असे लिहिले तर संकेत एम-300 येतो, म्हणजे मोहम्मदशी जुळत नाही. मेहमूद हे वेगळे नाव, पण त्याचाही संकेत एम-530. म्हणजे दोन वेगळी माणसे एक ठरतात. काझी हे आडनाव के ने लिहिले तर के-200, क्यू ने लिहिले तर क्यू-200. झाकीर झेड ने लिहिला तर झेड-260, जे ने लिहिला तर जे-260. पहिले अक्षर बदलले की ही पद्धत हात टेकते, कारण ती इंग्रजी नावांसाठी बनली होती.

इथे आपल्या मुलांच्या हाती असे काही आहे जे इतर फार थोड्यांच्या हाती आहे. उर्दू वाचणाऱ्या मुलीला माहीत असते की ज़ाल, ज़े, ज़्वाद आणि ज़ोए ही चार वेगळी अक्षरे आहेत आणि मराठीत ती चारही ज किंवा झ होऊन बसतात. तिला हेही ठाऊक असते की उर्दू लिहिताना ऱ्हस्व स्वर सहसा लिहिले जात नाहीत, म्हणून यंत्राला ते अंदाजाने भरावे लागतात. उर्दू, मराठी आणि इंग्रजी या तिन्ही लिप्यांत नाव जुळवणारे नियम तीच लिहू शकते. मग ओळखीच्या कुटुंबांकडून इजाजत घेऊन काही शे नावांच्या जोड्या जमवायच्या. खरोखर एकच असलेल्या किती जोड्या यंत्राने ओळखल्या आणि वेगळ्या असलेल्या किती चुकून एक केल्या, हे मोजायचे. साउंडेक्सपेक्षा आपले नियम किती पुढे गेले ते मांडायचे. एका सत्राला हे काम पुरेसे आहे. कसून वाढवले तर 12 क्रेडिटचा प्रकल्पही होतो.

यात एक सावधगिरी फार महत्त्वाची. लोकांची नावे, जन्मतारखा, आधार क्रमांक ही अमानत आहे. 2023 मध्ये देशात डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षणाचा कायदाही झाला. मुलाने आधार क्रमांक गोळा करूच नयेत; नावे घेतली तरी परवानगीने घ्यावीत आणि अहवालात कुणाची ओळख उघड करू नये. अमानतीत खयानत नको, ही शिकवण आपल्या घरात आहेच. संगणकाच्या वर्गातही ती तितकीच लागू आहे.

ज्यांची मुले उर्दू शिकलेली नाहीत त्यांनी मागे राहावे असे नाही. नंदुरबार जिल्ह्यात भिली आणि अहिराणीही घराघरांत बोलतात. 2011 च्या जनगणनेत देशभर भिली बोलणारे एक कोटी चार लाखांच्या आसपास, खानदेशी बोलणारे साडेअठरा लाखांच्या वर नोंदले गेले. उर्दूचे बोलणारे पाच कोटींच्या वर आहेत, मराठीचे आठ कोटींच्या वर. संगणकाला मराठी आणि उर्दू बरीच येते; भिली-अहिराणीसाठी अजून पुष्कळ काम बाकी आहे. भारतीय भाषांच्या संगणकनावर मुंबईच्या आयआयटीत वर्षानुवर्षे काम चालू आहे. मराठीचा शब्दजाल-कोश तिथेच आकाराला आला. केंद्र सरकारचा 'भाषिणी' प्रकल्प 2022 पासून याच क्षेत्रात आहे. काम करणाऱ्या हातांची गरज आहे.

हा आपलाच जुना रस्ता

काही घरांत अजून ऐकू येते की हे शिक्षण परके, आपल्याशी त्याचा काय संबंध. संगणकाला दिलेल्या कामाच्या क्रमाला 'अल्गोरिदम' म्हणतात. तो शब्द नवव्या शतकातील बगदादचे गणिती अल-ख्वारिज्मी यांच्या नावावरून आला. खलिफा मामून यांच्या काळात त्यांनी बीजगणितावर जो ग्रंथ लिहिला, त्याचा मोठा भाग वारसाहक्काच्या उदाहरणांचा आहे: मृत्युपत्रातला वाटा, पत्नीचा वाटा, मुलामुलींचा वाटा. घराघरात भांडण न होता मीरास वाटली जावी, ही समाजाची गरज होती. तिच्यातून गणित पुढे गेले. एका नावाच्या दहा स्पेलिंगांमुळे अडलेला फॉर्म ही आपल्या काळातली तशीच गरज आहे.

प्रवेशाआधी विचारायचे प्रश्न

सारंगखेड्यात घोडा घेणारा आधी त्याचे दात पाहतो. अभ्यासक्रमाचेही दात पाहावेत. कॉलेजात जाऊन स्वतः विचारा: चौथे वर्ष इथेच आहे की दुसरीकडे जावे लागेल? संशोधनाला मार्गदर्शक कोण आहेत? विशेष विषयांपैकी मागच्या वेळी प्रत्यक्षात कोणते शिकवले गेले? प्रयोगशाळा किती वेळ उघडी असते? बाहेरचे ऑनलाइन क्रेडिट मान्य होतात का?

शेवटचा प्रश्न आपल्या भागासाठी मोलाचा आहे. आपले विद्यापीठ म्हणजे कवयित्री बहिणाबाई चौधरी उत्तर महाराष्ट्र विद्यापीठ. 1990 मध्ये स्थापन झालेले, जळगावला असलेले आणि जळगाव, धुळे, नंदुरबार या तिन्ही जिल्ह्यांसाठीचे. दोंडाईचाहून जळगावला रेल्वे आहे. पण प्रत्येक घर मुलीला वसतिगृहात ठेवू शकत नाही. अशा वेळी 'स्वयम्' या सरकारी मंचावर आयआयटीच्या प्राध्यापकांचे अभ्यासक्रम मोफत शिकता येतात. फी फक्त प्रमाणपत्राच्या परीक्षेची, आणि ती परीक्षा ठरलेल्या केंद्रावर जाऊन द्यावी लागते. 2021 च्या नियमांनुसार एका सत्रातील 40 टक्क्यांपर्यंत क्रेडिट असे घेता येतात, मात्र त्याला आपल्या संस्थेची आधी मंजुरी लागते. म्हणून सत्र सुरू होण्यापूर्वीच लेखी विचारून घ्यावे.

पैशाचा विचारही हवा. 8 जुलै 2024 च्या शासन निर्णयानुसार, आठ लाखांपर्यंत वार्षिक उत्पन्न असलेल्या घरातील ओबीसी, आर्थिक दुर्बल आणि सामाजिक-शैक्षणिक मागास प्रवर्गातील मुलींना केंद्रीभूत प्रवेशातून घेतलेल्या व्यावसायिक अभ्यासक्रमांचे शिक्षण व परीक्षा शुल्क माफ आहे. पिंजारी, तांबोळी, बागवान, मोमीन अशा कित्येक मुस्लिम बिरादऱ्या ओबीसीत मोडतात. जातीचा दाखला आणि नॉन-क्रीमीलेअर वेळेत काढलेले नसतात म्हणून ही सवलत हातची जाते.

सगळ्यांनी चौथे वर्ष करावेच असे आम्ही म्हणणार नाही. घरी कमावता हात हवा असेल, मुलाचे मन अभ्यासात नसेल, तर तीन वर्षांची पदवी घेऊन कामाला लागणे शहाणपणाचे. पण जिचे गुण 75 टक्क्यांच्या वर आहेत, जिला प्रश्न पडतात, तिला केवळ 'मुलगी आहे, पुरे झाले' म्हणून तिसऱ्या वर्षी थांबवू नये. आणि 75 टक्क्यांची अट सहाही सत्रांच्या मिळून आहे. शेवटच्या सत्रात जोर लावून ती भरून निघत नाही. म्हणून जे मूल आज पहिल्या वर्षाला आहे, त्याच्या घरी ही गोष्ट आजच बोलली गेली पाहिजे.

या सुट्टीत घरातले सगळे दाखले एकदा जमिनीवर मांडा आणि कॉलेजात जाणाऱ्या मुलामुलीला आपल्याच घराण्यातली नावे किती तऱ्हांनी लिहिली गेली आहेत ते मोजायला सांगा. त्या यादीतून त्यांचा विशेष विषय निघाला, तर कुणाच्या तरी अब्बांची तहसीलची एक खेप वाचेल, इन्शाअल्लाह.