काका, मामा आणि लहान शाळा

मूल पाचवी उत्तीर्ण झाले की शाळा बदलावी काय, हा विचार बडोद्यातील आपल्या पुष्कळ घरांत सुरू होतो. मोठ्या शाळेतील गर्दीपेक्षा थोड्या मुलांची, निराळ्या पद्धतीची शाळा बरी, असे अनेकांना वाटते. मात्र अशा शाळेची भिस्त कशावर असते, हे प्रवेशापूर्वी पाहिलेले बरे.

सयाजीराव महाराजांनी १८९३ साली अमरेली भागात सुरू केलेले सक्तीचे प्राथमिक शिक्षण १९०६ पासून साऱ्या संस्थानात लागू झाले. त्याच काळात बॅरिस्टर केशवराव देशपांडे यांच्या पुढाकाराने गंगनाथ विद्यालय ही राष्ट्रीय शाळा येथे चालली. १९१० साली दत्तात्रेय बाळकृष्ण कालेलकर तेथे शिकवावयास आले. शिक्षकांना घरातील नात्यांनी हाक मारावी, अशी तेथील रीत होती. कालेलकर ‘काका’ झाले, विठ्ठल लक्ष्मण फडके ‘मामा’ झाले, आणि ही नावे जन्मभर टिकली. इंग्रजांच्या रोषापायी शाळा लवकरच बंद पडली. पुढे काका साबरमतीच्या आश्रमशाळेत शिकवू लागले, तर मामांनी गोध्र्यास अस्पृश्य मानल्या गेलेल्यांसाठी आश्रम चालविला. शाळा गेली, तरी तिचे शिक्षक गुजरातच्या कामी आले.

आता आजचा हिशेब मांडू. २००९ च्या शिक्षण हक्क कायद्यानुसार सहावी ते आठवीच्या टप्प्यात प्रत्येक वर्गास किमान एक शिक्षक हवा, आणि पस्तीस मुलांमागे एक. विज्ञान-गणित, सामाजिक शास्त्रे व भाषा यांसाठी प्रत्येकी एक तरी असावा. मुले शंभरांहून अधिक असतील तरच पूर्णवेळ मुख्याध्यापक आणि कला, शारीरिक शिक्षण व कार्यानुभव यांचे अंशकालीन शिक्षक बंधनकारक ठरतात. म्हणजे तीन वर्ग आणि साठ मुले असलेली शाळा तीन शिक्षकांवरही कायद्यात बसते. त्यातील एक जण सोडून गेला, तर शाळेचा तिसरा हिस्साच गेला! शिवाय भाषेचा शिक्षक एकच असेल, तर गुजराती, हिंदी व इंग्रजी यांतच त्याचा दिवस सरेल. गुजरातेत आठवीपर्यंत गुजराती शिकविणे २०२३ च्या कायद्याने सक्तीचे झाले आहे, आणि ते योग्यच आहे. परंतु मराठीची सोय मग घरीच करावी लागेल, हे आपण ओळखून असावे.

मुले कोणत्या घरांतून येतात, हाही प्रश्न तितकाच महत्त्वाचा. खासगी शाळांतील दुर्बल घटकांसाठीच्या पंचवीस टक्के जागा पहिलीच्या किंवा त्यापूर्वीच्या वर्गात भरल्या जातात. सहावीपासूनच सुरू होणाऱ्या शाळेत ते दारच नसते. तेथे सर्व थरांतील मुले एकत्र बसावीत की नाही, हे चालकांच्या इच्छेवर राहते. केवळ फी परवडणाऱ्यांचीच मुले असतील, तर वर्ग लहान राहील आणि मुलांचे जगही.

म्हणून शाळा पाहावयास जाल तेव्हा इमारतीआधी माणसांची चौकशी करा. शिक्षक किती आहेत? किती वर्षांपासून आहेत? एखादा रजेवर गेला तर त्याचा वर्ग कोण घेतो? वर्गात कोणकोणत्या घरांतील मुले आहेत? याची सरळ उत्तरे मिळाली, तर त्या शाळेत मुलाला निश्चिंतपणे पाठवावे.