उतरण्याचा अर्ज

बदलापूरहूनच भरून आलेल्या लोकलच्या दिव्यांग डब्यात सोळा वर्षांचा एक मुलगा आईचा पदर धरून अंबरनाथला कसाबसा शिरला आहे, अशी वाचकाने क्षणभर कल्पना करावी. त्याला बोलता येत नाही. उल्हासनगर येईतो तो दाराजवळच्या दांडीवर बोट फिरवीत स्वस्थ असतो, विठ्ठलवाडी मागे पडताच अंग आखडून घेतो, आणि कल्याणला लोंढा आत घुसला की स्वतःचे मनगट दातांत धरून असे चावतो की जुन्या घट्ट्यांतूनही रक्त यावे. ‘एक ठेवून द्या, गप्प बसेल’ असा फुकटचा हुकूम कोणी काका सोडतात, ‘लाडावून ठेवलाय’ असा निवाडा कोणी बाई देऊन टाकतात, आणि शरमेने अर्धमेली झालेली आई डोंबिवलीला त्याला घेऊन उतरते.

आई उतरते, ही बाब फिर्यादीत कोणी नोंदवीत नाही. वास्तविक सगळा मामला तेथेच आहे. गर्दी असह्य झाली, मनगट चावले, गर्दीतून सुटका झाली, हा क्रम त्या मुलाने अनुभवाने पक्का केला आहे, आणि ज्याला आपण आडदांडपणा म्हणतो तो त्याच्यापुरता उतरण्याचा अर्ज आहे. दुसरा कागद त्याच्या हाती कोणी दिलेलाच नाही.

विकासात्मक दिव्यांगत्व असलेल्या व्यक्तींच्या अशा वर्तनाकडे या दृष्टीने पाहण्याच्या पद्धतीस ‘सकारात्मक वर्तन-साहाय्य’ म्हणतात. एडवर्ड कार आणि मार्क ड्युरांड या अमेरिकेतील मानसशास्त्रज्ञांनी 1985 साली चार मुलांवरील आपला प्रयोग प्रसिद्ध केला. काम अवघड झाले की बिथरणाऱ्या मुलाला मदत मागण्याचे वाक्य शिकविले, मोठ्यांचे लक्ष हटले की बिथरणाऱ्याला ‘मी नीट करतोय का?’ असे विचारायला शिकविले, आणि वर्तन ओसरले. परंतु कारणाशी मेळ नसलेले वाक्य शिकविले तेव्हा ते ओसरले नाही. मला हा उत्तरार्ध अधिक मोलाचा वाटतो, कारण नुसते गोड बोलणे म्हणजे ही पद्धती नव्हे, हे त्यावरून स्पष्ट होते. आपल्याकडे सिकंदराबादच्या, बौद्धिक दिव्यांगांसाठीच्या राष्ट्रीय संस्थेने 1992 साली रीता पेशावरिया व एस. वेंकटेशन यांची जी मूल्यमापन-श्रेणी काढली, तिच्या दुसऱ्या भागात समस्यावर्तनांची स्वतंत्र नोंद घेण्याची तजवीज आहे.

नोंद हाच या कामाचा पाया. वहीच्या पानावर तीन रकाने आखावयाचे: आधी काय घडले, मुलाने काय केले, त्यानंतर त्याला काय मिळाले. त्याही आधी दात, कान आणि पोट डॉक्टरांकडून तपासून घ्यावे, कारण ज्याला ‘दाढ दुखते’ हे सांगता येत नाही तो डोके आपटून सांगतो, आणि दाढदुखीवर कोणतेही वर्तनशास्त्र चालत नाही. बदलापूरजवळ बेंडशीळ येथे ‘संगोपिता’सारखी निवासी संस्था आहे खरी; पण बहुतेकांची वही घरातच लिहावी लागते. लष्करी छावणीच्या बराकींत आलेल्या निर्वासितांच्या वस्तीतून ज्या उल्हासनगरची 1949 साली स्थापना झाली, तेथील एखाद्या खोलीत भिंतीपलीकडे जीन्स शिवण्याची यंत्रे सुरू झाली की मुलगी भांडी फेकते, हे आईला ‘कधी कधी उगाचच’ वाटत असते. पंधरा दिवसांच्या नोंदीनंतर त्या ‘उगाच’ला घड्याळाची वेळ सापडते.

लोकलमधल्या आपल्या मुलाच्या वहीतही कल्याण पुन:पुन्हा आले. उपाय दोन बाजूंनी झाला. आईने बदलापूरची गाडी सोडून अंबरनाथहूनच सुटणारी लोकल धरली, म्हणजे बसायला जागा आणि खिडकी मिळू लागली. मुलाच्या गळ्यात पायऱ्या उतरणाऱ्या माणसाचे चित्र असलेले कार्ड आले. कार्ड दाखविले की पुढच्या स्थानकावर उतरायचे, वाद घालायचा नाही, हा करार पहिल्या काही आठवड्यांत तरी अक्षरशः पाळावा लागतो, नाहीतर मूल पुन्हा मनगटाकडेच वळते. चावण्याने पूर्वीसारखी गाडीतून सुटका होईनाशी झाली की काही दिवस तो अधिक जोराने चावतो, आणि नेमक्या त्याच दिवसांत घरातली मंडळी ‘बघा, काही उपयोग नाही’ म्हणून हात टेकतात. म्हणून त्या दिवसांत चावण्याआधीच, विठ्ठलवाडीला अंग आखडले की, त्याचा हात धरून कार्डाकडे न्यावयाचा असतो.

2016 च्या दिव्यांग हक्क कायद्याने मान्य केलेल्या 21 प्रकारांत बौद्धिक दिव्यांगत्व आणि स्वमग्नता यांचा समावेश आहे, आणि क्रूर वागणुकीपासून संरक्षण देण्याचे कलमही त्यात आहे. डब्यातल्या काकांपर्यंत ते पोहोचलेले नाही, एवढेच. ‘एवढ्याशा कार्डासाठी उतरता कशाला?’ असे ते आता विचारतात. आई उत्तर देत नाही. डोंबिवलीच्या बाकावर बसून ती तिसऱ्या रकान्यात लिहिते, आणि पावसाने भिजून कडा सुटलेले कार्ड परतीच्या वाटेवर झेरॉक्सवाल्याकडून पुन्हा लॅमिनेट करून घ्यायचे, हे पदराच्या गाठीला बांधते.