कोरियाचे पाणी आणि आजीचे खोबरेल

गेल्या वर्षीच्या स्नेहसंमेलनात मी सत्तर वर्षांची म्हातारी झाले होते. ज्यांनी ती एकांकिका पाहिली त्यांना आठवत असेल. ज्यांनी पाहिली नाही त्यांनी फारसे काही गमावले नाही. पण त्या म्हातारीने जाता जाता माझ्या गालावर आपली खूण ठेवली. प्रयोग संपल्यावर रात्री अकरा वाजता मी कपडे धुण्याच्या साबणाने तोंड खसाखसा घासले. रंग निघाला, आणि रंगाबरोबर कातडीही निघाली. दोन महिने गालावर काळपट चट्टे होते. आईने सरळ सांगितले, "पुन्हा तोंडाला रंग लावायचा नाही." नाटक की गाल, असा पेच माझ्यापुढे उभा राहिला आणि रंग लावण्यापेक्षा उतरवण्याच्या विद्येत मी लक्ष घातले.

याच सुमारास मामा घरी आला. तो पुण्याजवळच्या एका कोरियन कारखान्यात नोकरीला आहे. साहेबांबरोबर सोलला जाऊन आला, तेव्हा भाचीसाठी म्हणून त्याने एक बाटली आणली. आत पाण्यासारखे पाणी. रंग नाही, तेलकटपणा नाही, वास नावापुरता. बाटलीवर कोरियन अक्षरे, म्हणजे गोल, चौकोन आणि उभ्याआडव्या काठ्या. (ही लिपी राजा सेजोंगने 1443 मध्ये सिद्ध केली. लोकांना लवकर शिकता यावी म्हणून केली, असे म्हणतात. मला मात्र तिने दाद दिली नाही.) मागच्या बाजूला इंग्रजी चिठ्ठी होती: कापसावर घ्या, चेहरा पुसा, धुण्याची गरज नाही. आजीने बाटली हलवून पाहिली आणि म्हणाली, "अगं, पाण्याने पाण्याचा रंग निघेल, तेलाचा कसा निघायचा?"

आजीचा प्रश्न अगदी मुद्द्याचा होता. आपली रंगभूषा बहुतेक तेल, मेण आणि रंगीत भुकट्या यांची बनलेली असते. तेल पाण्यात मिसळत नाही, म्हणून नुसत्या पाण्याने ती हलत नाही. आमच्या रंगभूषेच्या काकांची रीत याच तत्त्वावर चालते. खोबरेल तेल चोपडायचे, रंग सैल होऊ द्यायचा, जुन्या धोतराच्या फडक्याने पुसायचे, मग डाळीच्या पिठाने धुवायचे. तेलाला तेल विरघळवते. मग या पाण्याने काय जादू केली?

शेजारच्या विज्ञान महाविद्यालयातील रसायनशास्त्राच्या बाईंनी मला ती फळ्यावर काढून दाखवली. या पाण्यात सौम्य असे एक द्रव्य थोड्या प्रमाणात असते. त्याच्या प्रत्येक रेणूचे एक टोक पाण्याचे सोबती, तर दुसरे तेलाचे. पाण्यात असे रेणू पुरेसे झाले की तेलवेडी टोके पाण्याला पाठ फिरवून आत तोंडे करतात आणि गोल बसकण मारतात; पाणीवेडी टोके बाहेर राहतात. हळदीकुंकवाला बायका घोळका करून आत बोलत बसतात ना, तसेच. या घोळक्याला 'मायसेल' म्हणतात. मिलिमीटरचा लाखावा भाग, इतपतच त्याचे आकारमान. कापूस गालावर फिरला की तेलाचे कण या घोळक्यात शिरतात आणि कापसाबरोबर निघून येतात. साबणही करतो हेच, पण साबणाचे पाणी अल्कधर्मी असते, त्याचा पीएच नऊ-दहाच्या आसपास. आपली त्वचा किंचित आम्लधर्मी, पाचच्या जवळपास. शिवाय जड पाण्यातल्या कॅल्शियमशी साबणाची गाठ पडली की चिकट मळी बनते. मग आपण जास्त घासतो, आणि माझ्या गालासारखी गत होते.

या जातीचे पाणी मूळचे कोरियाचे नव्हे. 1990 च्या दशकात ते फ्रान्समध्ये औषधाच्या दुकानांतून नावारूपाला आले. कोरियाने ते आपल्या रिवाजात बसवले. तिथे संध्याकाळी तोंड दोनदा धुण्याची पद्धत आहे: आधी तेल, मग फेसाचा साबण. तेलाची ही वाट जपानकडूनही आलेली. शू उएमुरा नावाच्या जपानी रंगभूषाकाराने 1967 मध्ये रंग उतरवण्याचे तेल बाजारात आणले. म्हणजे आमचे काका आणि हे गृहस्थ एकाच पंथाचे. फरक फक्त खोबऱ्याचा!

पण कोरियाची स्वतःची परंपरा शोधू गेले तेव्हा मी आजीच्या मोरीतच येऊन पोहोचले. जुन्या काळी तिथल्या बायका तांदळाच्या धुवणाने तोंड धूत, आणि मूग व लाल चवळीसारख्या कडधान्यांचे बारीक पीठ अंगाला चोळत. कडधान्यांत सॅपोनिन नावाची फेसाळ द्रव्ये असतात. आपल्या रिठ्यात आणि शिकेकाईत ती भरपूर असतात. साबणाला कोरियन भाषेत 'बिनू' म्हणतात, आणि हा शब्द मुळात अशा धुण्याच्या पिठाचाच होता. हे ऐकल्यावर आजीचा कोरियाविषयीचा आदर एकदम वाढला.

कोरियाच्या रंगाची दुसरी बाजू काळी आहे. 1916 च्या सुमारास सोलमध्ये 'पाक्काबून' नावाची पांढरी पावडर निघाली आणि घरोघरी गेली. चेहऱ्यावर ती छान बसे, कारण तिच्यात शिसे होते. वापरणाऱ्यांची कातडी निळसर पडू लागली, विषबाधा होऊ लागली, आणि 1930 च्या दशकात ती बंद पडली. आपल्याकडेही जुने नट-तमासगीर मुरदाडशिंग आणि शेंदूर तोंडाला फासत; दोन्ही शिशाचीच. रंग उतरवणे ही त्या काळी सौंदर्याची नव्हे, प्रकृतीची बाब होती. कोरियन लोकनाट्यातल्या मुखवटेवाल्यांनी मात्र यावर नामी तोड काढली होती. अनेक गावांत खेळ संपला की मुखवटे जाळून टाकीत. तोंड धुण्याचा प्रश्नच उरला नाही.

आता प्रत्यक्ष प्रयोग. यंदाच्या चार रंगीत तालमींत मी उजव्या गालाला खोबरेल आणि डाव्याला कोरियाचे पाणी असा वाटा केला. नंतर पांढऱ्या रुमालाने दोन्ही गाल पुसून कुठे रंग लागतो ते पाहायचे ठरवले. (तालीम मास्तरांनी या शास्त्रशुद्ध पद्धतीला 'खुळ' असे नाव दिले.) पहिल्या दिवशी साधा पॅनकेक आणि गुलाबी रंग होता. पाण्याचा गाल सहा कापसांत स्वच्छ, रुमाल पांढरा. तेलाच्या गालाला वेळ दुप्पट लागला, टॉवेलचे वाटोळे झाले, पण रुमाल तोही पांढराच. दुसऱ्या दिवशी डोळ्यांना न पुसणारे काजळ होते, आणि तिथे पाण्याने हात टेकले. असल्या काजळात मेण आणि सिलिकोन असते, ते पाण्याला मुळी भीक घालत नाही. कापूस पापणीवर घासत राहिले असते तर डोळा सुजला असता. तेलाचे बोट एक मिनिट ठेवले आणि काजळ वितळले. तिसऱ्या दिवशी मिशीचा डिंक (हो, तालमीत मला पोलीसही व्हावे लागले). तो या पाण्यालाही वश झाला नाही आणि खोबरेलालाही. तो स्पिरिटनेच निघतो, आणि स्पिरिटने कातडीची आग होते ती होतेच.

चौथ्या दिवसाची गोष्ट सांगायला थोडा संकोच वाटतो. तीन रात्री मी डावा गाल पुसून तसाच ठेवला होता. चिठ्ठीवर धुण्याची गरज नाही असे लिहिले होते ना! चौथ्या संध्याकाळी तो गाल ताणल्यासारखा झाला, नाकाजवळ चुरचुरू लागले. पोटात गोळाच आला. गेल्या वर्षीचे चट्टे डोळ्यांपुढे उभे राहिले. दुसऱ्या दिवशी बाईंकडे धावले. त्या हसल्या. म्हणाल्या, "घोळके तेल घेऊन कापसावर गेले, पण मागे राहिलेले काही रेणू तुझ्याच कातडीच्या तेलाशी मैत्री करत बसले. साध्या पाण्याने धुऊन टाक." त्या रात्रीपासून धुऊ लागले, दोन दिवसांत चुरचुर थांबली.

आणखी एक कबुली. बाटलीवर उजळपणाचा उल्लेख होता. मी रंगाने सावळी. नाटकात मला आई किंवा म्हातारी मिळते, नायिका कधी मिळत नाही, याचे कारण कोणी बोलून दाखवत नाही. मनात कुठेतरी आशा होती की हे पाणी तेवढेही करील. कोरियात गोरेपणाच्या प्रसाधनांचा वेगळा वर्ग कायद्याने 2000 सालापासून आहे आणि त्यांत कोणती द्रव्ये चालतात हे ठरलेले आहे. पण बाईंनी विचारले, "जे एका मिनिटात पुसून टाकायचे ते कातडीत काय बदल करणार?" पाचव्या कापसावर म्हातारीचा पांढरट थर निघून आला, आणि आरशात माझा नेहमीचा सावळा रंग दिसला. डावा आणि उजवा अगदी सारखा.

आईने यंदा परवानगी दिली आहे, दोन अटींवर: धुण्याच्या साबणाला हात लावायचा नाही, आणि रंग अंगावर ठेवून झोपायचे नाही. बाटलीत आता चौथा भाग पाणी उरले आहे. ते रंगपटाच्या पेटीत ठेवले आहे, शेजारी खोबरेलाची शिशी आणि डाळीच्या पिठाचा डबा. झाकणाच्या आतल्या बाजूला मी कागद चिकटवला आहे: डोळ्यांना तेल, गालाला पाणी, मिशीला स्पिरिट, आणि शेवटी सगळ्यांनी तोंड धुवावे. पीठ आजीने दिले आहे. संपले तर मला सांगावे.