वारं गेलेला हात

आमच्याकडे नांदेड-लातुरात पक्षाघाताला 'वारं गेलं' म्हणतात. झोपेतून उठलेल्या माणसाचा हात लुळा पडलेला असतो, तोंड वाकडं झालेलं असतं, आणि घरचे आधी मालिशवाल्याचं दार गाठतात. पण बिघाड हातात नसतोच. मेंदूतली रक्तवाहिनी गुठळीने तुंबलेली किंवा फुटलेली असते आणि हाताला हुकूम देणारा भागच गप्प झालेला असतो. गुठळी विरघळवणारं इंजेक्शन साधारण पहिल्या साडेचार तासांतच देतात. म्हणून तेल बाजूला ठेवा आणि सीटी स्कॅनची सोय असलेलं रुग्णालय गाठा.

पुढचे महिने शिकवणीचे. मेलेल्या पेशी परत येत नाहीत, पण उरलेल्या पेशी त्यांचं थोडंफार काम शिकतात. त्यासाठी तीच हालचाल शेकडो वेळा करावी लागते, तीही स्वतः जोर लावून. एरवी तेवढी होत नाही. उत्तर अमेरिकेत पक्षाघाताच्या रुग्णांची उपचारसत्रं मोजली, तेव्हा एका सत्रात हाताच्या कामाच्या हालचाली सरासरी ३२च भरल्या.

यंत्रमानव कामाला येतो तो इथे. अमेरिकेतल्या एमआयटीत बनलेल्या 'एमआयटी-मॅनस'ची मूठ धरून रुग्ण पडद्यावरच्या ठिपक्याकडे हात नेतो. हात अडला की यंत्र लागेल तेवढाच आधार देतं, आणि ते थकत नाही. तरीही ब्रिटनमध्ये ७७० रुग्णांवर झालेल्या चाचणीचा निकाल २०१९ साली आला, तेव्हा यंत्रावर सराव केलेला हात रोजच्या वापरात नेहमीचे उपचार घेतलेल्या हातापेक्षा सरस ठरला नव्हता. यंत्राला नावं ठेवण्यासाठी हे सांगत नाही. कर्ज काढून मोठ्या शहरात यंत्र शोधत फिरणाऱ्या कुटुंबाला हे आधी कळायला हवं, असं मला फार वाटतं.

मला आशा वाटते ती छोट्या यंत्रांची. वेल्लोरचं ख्रिश्चन मेडिकल कॉलेज आणि आयआयटी मद्रास यांनी मिळून 'प्लुटो' बनवलं आहे. मोटर एकच, मनगट, पंजा, बोटं यांच्यासाठी तिच्यावर वेगवेगळ्या मुठी बसतात. असं यंत्र उदगीर, देगलूर, किनवटच्या सरकारी दवाखान्यांत पोहोचलं, तर आठवड्यातून तीनदा जिल्ह्याला जायचं एसटीचं भाडं आणि सोबतच्या माणसाची बुडणारी मजुरी वाचेल.

तोवर फिजिओथेरपिस्टने दाखवून दिलेला व्यायाम ओसरीवरही होतो. ताटात तुरीचे दाणे, शेजारी वाटी. लुळ्या हाताची दोन बोटं दाण्यापाशी जातात, थरथरतात, दाणा निसटतो. सून मोजत असते, "चौतीस झाले, मामा. उचला अजून एक."