गॅरेजमधले विमान आणि वीस ग्रॅम

फेब्रुवारी २०१६ मध्ये मुंबईत भरलेल्या 'मेक इन इंडिया' सप्ताहात एक सहा आसनी विमान मांडले होते. वैमानिक अमोल यादव यांनी ते कांदिवलीच्या चारकोप भागातील आपल्या इमारतीच्या गच्चीवर बांधले होते. एवढे धाडस प्रत्येकाला जमणारे नाही. पण रेडिओ-नियंत्रित छोटे विमान घरी जोडता येते, आणि विमान हवेत स्थिर ठेवणारी मूलतत्त्वे दोन्हीकडे तीच असतात. नवी मुंबईतील रो-हाऊसच्या गॅरेजमध्ये आम्ही असे एक विमान जोडले. ते चांगले उडाले आणि नंतर पडलेही. पडले का, ते समजून घेण्यासारखे आहे.

विमानाचा पंख फोमचा होता. एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत १ मीटर लांब आणि २० सेंटिमीटर रुंद. नाकावर विजेची मोटर व प्रॉपेलर. पोटात बॅटरी, रेडिओ रिसीव्हर आणि शेपटीच्या झडपा हलवणाऱ्या दोन लहान सर्व्हो मोटरी. सर्व मिळून ५०० ग्रॅम. रेडिओची वारंवारता २.४ गिगाहर्ट्झ, म्हणजे तरंगलांबी १२.५ सेंटिमीटर. म्हणून रिसीव्हरचा अँटेना तिच्या चौथ्या हिश्श्याचा, जेमतेम ३ सेंटिमीटर लांबीचा असतो. हातातल्या यंत्राची दांडी हलली, की रिसीव्हर सर्व्होला विजेचा स्पंद पाठवतो. स्पंद १ मिलिसेकंदाचा असेल तर झडप एका टोकाला, २ मिलिसेकंदांचा असेल तर दुसऱ्या टोकाला आणि दीड मिलिसेकंदाचा असेल तर मधोमध राहते.

विमान किती वेगाने उडायला हवे? पंखाचे क्षेत्रफळ ०.२ चौरस मीटर, हवेची घनता घनमीटरला सुमारे १.२ किलोग्रॅम आणि पंखाचा उत्थापन गुणांक जास्तीत जास्त १ धरला, तर ५०० ग्रॅम तोलून धरायला सेकंदाला किमान ६.४ मीटर, म्हणजे ताशी २३ किलोमीटर वेग लागतो. वेग याहून कमी झाला, की पंख भार पेलू शकत नाही. वजन दुप्पट केले तर हा किमान वेग दुप्पट होत नाही. दोनच्या वर्गमुळाच्या पटीने वाढून ताशी सुमारे ३३ किलोमीटर होतो.

परंतु वजन किती आहे, एवढेच पाहून चालत नाही. ते कोठे आहे, हेही पाहावे लागते. आमच्या विमानाचा गुरुत्वमध्य पंखाच्या पुढच्या कडेपासून ६ सेंटिमीटरवर होता. तेथे दोन्ही पंखांखाली एकेक बोट ठेवले, की विमान आडवे तोलून राहत असे.

वाऱ्याच्या झोताने नाक किंचित वर गेले, तर पंख व शेपूट यांवर जादा उत्थापक बल येते. या जादा बलाचा एकत्रित परिणाम ज्या बिंदूवर झाला असे मानता येते, तो बिंदू गुरुत्वमध्याच्या मागे असेल तर शेपूट उचलली जाते, नाक खाली येते आणि विमान आपोआप सावरते. तोच बिंदू गुरुत्वमध्याच्या पुढे पडला, तर नाक आणखी वर जाते.

पहिली काही उड्डाणे नीट झाली. मग एके दिवशी शेपूट गॅरेजच्या शटरवर आपटून मोडली. आम्ही ती प्लायवूडची पट्टी, इपॉक्सी आणि चिकटपट्टी लावून चांगली भक्कम केली. भात कापून झालेल्या एका खाचरात, मालकाला विचारून, विमान पुन्हा सोडले. नाक वर गेले, आणखी वर गेले. खालची झडप पूर्ण दाबूनही ते ऐकेना. क्षणभर विमान हवेत थबकले आणि कोसळले. घरी आणून शेपूट तराजूवर ठेवली. वहीतल्या नोंदीपेक्षा ती २० ग्रॅमनी जड भरली.

केवळ वीस ग्रॅम! पण शेपूट गुरुत्वमध्यापासून ५० सेंटिमीटर मागे होती. तरफेच्या नियमाने २० गुणिले ५०, म्हणजे १,००० ग्रॅम-सेंटिमीटर. त्याला नव्या ५२० ग्रॅम वस्तुमानाने भागले, की गुरुत्वमध्य जवळजवळ २ सेंटिमीटर मागे सरकल्याचे दिसते. नाकात, २० सेंटिमीटर पुढे, शिसे लावून तोल साधायचा तर ५० ग्रॅम लागले असते. त्याऐवजी १२५ ग्रॅमची बॅटरी ८ सेंटिमीटर पुढे सरकवली असती, तर वजन न वाढवता काम झाले असते. आणि उडवण्यापूर्वी दोन बोटांवर विमान तोलून पाहायला अर्धे मिनिटही लागले नसते. दुरुस्ती मजबूत झाली, या समाधानात आम्ही तेवढेच विसरलो.

हा उद्योग शाळेत करायचा असेल तर तीन गोष्टी पाळाव्यात. बाकावर चाचणी घेताना प्रॉपेलर काढून ठेवावा. लिथियम-पॉलिमर बॅटरी चार्ज होत असताना तेथून हलू नये. आणि जागा नकाशावर तपासून घ्यावी. २०२१ च्या ड्रोन नियमांनुसार चालू विमानतळाच्या हद्दीपासून ८ किलोमीटरच्या आत परवानगीशिवाय असे विमान उडवता येत नाही. नवी मुंबई विमानतळावर २५ डिसेंबर २०२५ पासून प्रवासी विमानांची ये-जा सुरू झाली आहे; तेव्हा विमान गॅरेजमध्ये जोडले तरी उडवायला दूर जावे लागते.

वर्गात करून पाहण्यासाठी: कागदी विमानाच्या नाकाला एक यू-पिन लावून ते सोडा. मग पिन दर वेळी २ सेंटिमीटर मागे घेत जा. प्रत्येक वेळी बोटावर तोलून गुरुत्वमध्याची खूण करा आणि विमान किती दूर गेले ते मोजा. कोणत्या खुणेनंतर विमान नाक वर करून पडू लागते? ती खूण विद्यार्थ्यांना स्वतः शोधू द्या. आम्हाला ती एक विमान गमावून सापडली. त्यांना एका कागदात सापडेल.